क्लोन टाकल्यावर मशीन उठत नाही? आधी बायोस बघ

लगेच इमेज (मूळ मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजेच क्लोन) परत टाकायला घेऊ नको, बाबा. बहुतेक वेळा इमेज ठीकच असते.

आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी मशीनची सेटिंग, उघड. मशीन बूट व्हायच्या, म्हणजे सुरू व्हायच्या, दोन पद्धती: नवी यूईएफआय, जुनी लेगसी. मूळ मशीन यूईएफआयवर असेल तर विंडोजची डिस्क जीपीटी पद्धतीने विभागलेली असते, लेगसीवर असेल तर एमबीआर पद्धतीने. नव्या मशीनचा बूट मोड त्याला जुळायलाच हवा. काळ्या स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' आलं की माझा हात आधी इथंच जातो.

निळा स्क्रीन आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर गोष्ट वेगळी. विंडोज सुरू व्हायला लागलंय, पण त्याला स्वतःची डिस्कच दिसत नाही. परभणीत एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही २० मशीनवर एकच इमेज टाकली. १७ उठल्या, ३ निळ्या. इमेज दोनदा परत टाकली, त्यात लाईट गेली, अख्खी दुपार वाया. शेवटी दिसलं, त्या तिन्हींत साटा मोड (मशीन डिस्कशी कसं बोलतं ते ठरवणारी बायोसमधली सेटिंग) रेडवर (RAID) होता आणि मूळ मशीनवर एएचसीआय (AHCI). मोड बदलला, तिन्ही सुरू.

तरीही अडलं आणि मशीन यूईएफआयवर असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट कर, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघड, डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे भाग बघायची कमांड) छोटं फॅट३२ ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटच्या फाइल्सचा भाग, शोध, त्याला ड्राइव्हचं अक्षर दे आणि त्या फाइल्स परत लिहिणारी बीसीडीबूट कमांड चालव. ते पार्टिशनच नसेल तर तू फक्त सी ड्राइव्ह उचललायस. पूर्ण डिस्कची इमेज घे.

आणि वेगवेगळ्या मशीनवर टाकायची इमेज सिसप्रेप जनरलाइज (मूळ मशीनची ओळख विंडोजमधून काढणारं विंडोजचंच साधन) केल्याशिवाय घेऊच नको.