अक्षौहिणी म्हणजे किती?

‘अक्षौहिणी’ लिहायचं की ‘अक्षोहिणी’, आणि सभेला ‘अक्षौहिणी जनसमुदाय लोटला’ हे बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: साफ चूक. अक्षौहिणी म्हणजे ‘अगणित’ नव्हे. महाभारताच्या आदिपर्वात तिचा हिशेब चोख दिलाय: रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. एकूण २,१८,७००. मोजून बांधलेल्या सेनेचं नाव कुठल्याही गर्दीला का चिकटवायचं?

‘या चारही आकड्यांच्या अंकांची बेरीज १८, म्हणून त्यात दैवी संकेत’ हेही सारखं कानावर येतं. बेरीज खरी आहे, संकेत नाही. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ म्हणजे एक पत्ती, सेनेची सगळ्यात लहान तुकडी. तिची तिप्पट सेनामुख, त्याची तिप्पट गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात वेळा तिप्पट, म्हणजे २,१८७ पट. अशा दहा अनीकिनी म्हणजे अक्षौहिणी. इतक्या तिनांनी गुणल्यावर संख्येला नवाने भाग जाणारच, आणि अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच येणार. कुरुक्षेत्रावरच्या अठराही अक्षौहिणी मिळवा: ३९,३६,६००. बेरीज २७! दैवी संकेत तिथे कुठे गेला?

खरी गोडी नावात आहे. अक्ष अधिक ऊहिनी, म्हणजे अक्षांचा समूह. ‘अक्ष’ म्हणजे इंद्रियं असं सांगणारे पंडित आहेत. सैन्यात इंद्रियांची मोजदाद कोण करतो? अक्ष म्हणजे रथाचा कणा. इक्षूचा ऊस झाला, कुक्षीची कूस झाली, मक्षिकेची माशी झाली, तसाच अक्षाचा आस झाला. बैलगाडीचं चाक उतरवून आजोबा ज्याला वंगण चोपडायचे, तोच हा आस. एका रथाला एक आस, तेव्हा आस मोजले की रथ मोजले. माझं तर ठाम मत आहे की या सेनेची शिरगणती मुळात आसांवरूनच होत असणार. हत्ती, घोडे, पायदळ रथाच्या हिशेबाने मागून आले. पत्तीतही बाकीचं सगळं एका रथाभोवतीच बसवलेलं दिसतं.

हो, लिहायचं ‘अक्षौहिणी’च. सूर्य अधिक उदय सूर्योदय, या चालीने इथे ‘ओ’ व्हायला हवा होता. पण ‘अक्ष’पुढे ‘ऊहिनी’ आली की ‘औ’ करा, असं संस्कृत व्याकरणकार कात्यायनाने वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना जोडलेल्या पूरक नियमात, वेगळं सांगून ठेवलंय.