सरकारी खाती स्वतःचे सर्व्हर न ठेवता क्लाऊड आणि सामायिक डेटा सेंटर का वापरतात? त्यात आपली माहिती सुरक्षित राहते का?

सरकारी खाती आपले सर्व्हर काढून टाकून सारे काही क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या यंत्रांवर, नेत असतील, तर आपला जमिनीचा एक-चौदाचा उतारा किंवा जन्मदाखला परक्याच्या हाती जात नाही ना, असे आपण विचारले आहे. गोव्यातील एका खात्याच्या संगणक विभागात मी बरीच वर्षे काम केले, त्यामुळे आधी जुन्या व्यवस्थेविषयी सांगतो.

आमचा सर्व्हर जिन्याखालच्या अरुंद खोलीत, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांशेजारी होता. संध्याकाळी कचेरी सुटताना शिपाई इमानेइतबारे दिवे, पंखे आणि त्या खोलीतला एसीही बंद करून जात असे. पावसाळ्यात भिंतीला ओल येई आणि सर्व्हरच्या मागच्या जोडण्यांवर हिरवट थर धरे. यूपीएसच्या बॅटऱ्या निकामी झाल्या की नव्यांचा प्रस्ताव फायलीतून टेबलामागून टेबल फिरे, आणि तोवर वीज गेली की काऊंटरवरचे कामही थांबे. बॅकअप म्हणजे एक हार्ड डिस्क, तीही त्याच खोलीतल्या कपाटात. परक्याच्या हातांची भीती तेव्हा कोणाला वाटत नव्हती. मात्र त्या कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे मलाही नक्की सांगता आले नसते.

प्रत्येक खात्याने अशी एक खोली बाळगण्यापेक्षा चोवीस तास वीज, थंडावा, पहारा आणि जाणकार माणसे असलेली एकच जागा सर्वांनी मिळून वापरावी, हा सामायिक डेटा सेंटरमागचा साधा हिशेब आहे. राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेखाली राज्य डेटा सेंटरे उभी राहिली, आणि २०१४ मध्ये ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा, म्हणजे एनआयसीचा, राष्ट्रीय क्लाऊड सुरू झाला. क्लाऊडचा आणखी एक फायदा असा, की दहावीच्या निकालासारख्या एका दिवसाच्या गर्दीसाठी वर्षभर रिकामी राहणारी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. तेवढ्यापुरती क्षमता वाढवून नंतर ती सोडून देता येते.

खासगी कंपनीचा क्लाऊड घ्यायचा झाला, तर ती कंपनी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीत असावी लागते. त्यासाठी तिच्या सेवेची एसटीक्यूसी या त्याच मंत्रालयाच्या गुणवत्ता तपासणी संस्थेकडून तपासणी होते आणि डेटा भारतातच ठेवण्याची अट असते. त्यामुळे ‘परक्याच्या हाती’ या आपल्या शंकेचा कागदोपत्री तरी बंदोबस्त आहे. माझी काळजी निराळी आहे. यंत्रे दुसऱ्याकडे दिली की जबाबदारीही गेली, असा समज आमच्या खात्यांत पटकन रुजतो. प्रत्यक्षात इमारत, वीज आणि यंत्रे कंपनी सांभाळते; पण कोणाला कोणता पासवर्ड द्यायचा, बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश कधी बंद करायचा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत आहे की नाही, हे पाहणे खात्याकडेच राहते. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि फायली सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. तो सर्व्हर कुठल्या जिन्याखाली नव्हता, पणजीतील डेटा सेंटरमध्ये होता.

शिवाय सारे एकत्र आणले की धोकाही एकत्र येतो. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांपासून भडकलेल्या त्या आगीमुळे सहाशेहून अधिक सरकारी प्रणाली बंद पडल्या, आणि सरकारी कर्मचारी ज्यात आपली कागदपत्रे साठवत, ती सुमारे ८५८ टेराबाइटची सामायिक साठवण जळून गेली. तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. तंत्रज्ञानात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असलेल्या देशातही बॅकअप त्याच कपाटात होता, असेच मी म्हणेन.

म्हणून ‘माझा डेटा कुठे आहे’ याऐवजी, माहिती अधिकाराच्या अर्जात आपण संबंधित खात्याला तीन गोष्टी विचाराव्यात. दुसरी प्रत दूरच्या, वेगळ्या भूकंपक्षेत्रातील केंद्रात आहे का? यंत्रणा कोसळल्यास ती किती तासांत पूर्ववत करण्याचे करारात ठरले आहे? आणि त्या प्रतीवरून यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून पाहण्याची चाचणी शेवटची कोणत्या तारखेला झाली? पहिल्या दोहोंची उत्तरे करारनाम्यातून उतरवून मिळतील. तिसऱ्यासाठी मात्र तारीखच मागावी, ‘वेळोवेळी’ हे उत्तर आल्यास पहिले अपील करावे.