केमो वॉर्डच्या इंटरव्ह्यूला जाताना

बाय,

कॅन्सर वॉर्डचा कॉल आला हे वाचून खूप बरं वाटलं गो. पण तू विचारलंयस ना, केमोचा अनुभव नाही तर काय सांगू, तर नाही म्हणूनच सांग, सरळ. पॅनेलवरच्या सिस्टरना ते तुझ्या बायोडेटावरून आधीच कळलेलं असतं, त्यांना बघायचं असतं ते हे की ही मुलगी अडली की थांबून विचारते की रेटून नेते. केमोत रेटून नेणारी नर्स कोणालाच नको असते.

म्हणजे बघ, त्या विचारतील, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध चालू आहे आणि पेशंट म्हणतो हात जळजळतोय, काय करशील? बहुतेक जणी पटकन म्हणतात डॉक्टरना कळवीन. कळवायचंच, पण औषध शिरेबाहेर झिरपत असेल, म्हणून त्याआधी ड्रिप बंद, कॅन्युला म्हणजे शिरेतली नळी काढायची नाही, तिच्यातूनच सिरिंजने जेवढं औषध मागे ओढता येईल तेवढं ओढायचं, जागा पेनाने मार्क करायची. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या केमो औषधाला गरम, हे उलटसुलट करू नको. आणि व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून, पाठीच्या मणक्यातून चुकून गेलं तर माणूस जातो, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या बॅगेतून द्यावं असं सांगतात. हे कारणासकट सांग, नुसतं पाठ केलेलं लगेच कळतं.

दुसरं तापाचं. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा 38.3 सेल्सियस ताप म्हणजे इमर्जन्सी, रक्ताचं कल्चर (जंतूंची तपासणी) घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघणं नाही. आता बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, दोडामार्ग, सावंतवाडीकडचेही पेशंट येतात, काणकोणचे येतात, रात्री गाडी मिळेपर्यंतच किती वेळ जातो, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच घरच्यांना थर्मामीटर घ्यायला लावीन, रात्री ताप आला तर कोणाच्या गाडीने निघणार ते विचारून ठेवीन, असं सांगितलंस तर पॅनेलला कळेल की तू इथल्या माणसांचा विचार करतेस.

तुझी मेडिकल वॉर्डातली वर्षं फुकट नाहीत. रक्त चढवताना दोघींनी मिळून चेक करता, पहिली काही मिनिटं पेशंटजवळ थांबता, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधालाही तेच लागतं, रिअ‍ॅक्शन बहुतेक सुरुवातीलाच येते. हे जोडून दाखव.

का यायचंय विचारलं तर मावशीचं आजारपण सांग, पण नुसतं रडू येतं म्हणून नको, तिच्या तोंडात फोड आले तेव्हा पेज गिळेना, मग कोणी काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते सांग.

एक प्रश्न मात्र शांतपणे घे. घरचे म्हणतात पेशंटला कॅन्सर आहे सांगू नका, आणि पेशंट तुलाच विचारतो. खोटं बोलायचं नाही, आणि तिथल्या तिथे सगळं सांगूनही टाकायचं नाही. तुम्हाला डॉक्टरनी काय सांगितलंय, किती जाणून घ्यायचंय, हे विचारायचं, मग डॉक्टर आणि घरचे यांना एकत्र बसवायचं. कोंकणी, मराठी दोन्ही येतं हे तेव्हा आवर्जून सांग, असं बोलणं माणसाला आपल्याच भाषेत हवं असतं.

शेवटी तूही विचार, सुरुवातीला कोणाच्या हाताखाली शिकायचं, औषध कोण मिक्स करतं, ते मिक्स करायला सेफ्टी कॅबिनेट आणि सांडलं तर आवरायला स्पिल किट आहे का, पुढे दिवस राहिले तर केमो हाताळण्यातून सूट मिळते का. यात लाजायचं काही नाही.

रविवारी दुपारी फोन कर, मी प्रश्न विचारते, तू उत्तरं मोठ्याने दे.