थरांच्या स्टेन्सिलने (एकाच चित्राच्या एकेका रंगासाठी वेगळी कापलेली प्लॅस्टिकची शीट) कार्ड करताना पिवळ्यावर जांभळा चढवला की रंग मातकट होतात आणि कडेखाली शाई शिरते. महागडी शाई घेऊ का?

इतक्यात घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, आणि एकीचंही उत्तर किमतीत नाही.

आधी कडेखाली शिरणारी शाई. ब्रश ओला असतो, म्हणून ती शिरते. शाईच्या पॅडवर ब्रश टेकवल्यावर तो थेट कार्डावर न्यायचा नाही. आधी रद्दी कागदावर गोल गोल फिरवून जवळजवळ कोरडा करायचा, मग स्टेन्सिलच्या प्लॅस्टिकवर सुरुवात करून हलक्या हाताने मोकळ्या जागेत यायचं. पहिल्या फेरीत रंग दिसेल न दिसेल इतकाच उमटला तर ठीक चाललंय समजा. गडदपणा फेऱ्या वाढवून आणायचा, दाब वाढवून नाही. धुतलेली स्टेन्सिल पूर्ण वाळलेली हवी, हे आमच्याकडे बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये सांगावं लागतं. शाई पसरवायच्या खास ब्लेंडिंग ब्रशच्या जागी दाट केसांचा स्वस्तातला मेकअप ब्रश छान चालतो.

आता मातकट रंग. तुम्ही पिवळ्यावर जांभळा चढवता आणि तपकिरी होतं, कारण रंगचक्रात हे दोघे समोरासमोर बसतात. डाय शाई पारदर्शक असते आणि कागदात मुरते. त्यामुळे खालचा थर खडखडीत वाळू दिला तरी तो वरच्यातून दिसतोच, आणि तासभर थांबून काही हाती लागत नाही. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, तिच्यात झाकायची ताकद जास्त, पण ती सावकाश वाळते आणि बोट लागलं की पसरते. मी डाय शाईच वापरते आणि एकावर एक येणारे रंग शेजारचे निवडते: पिवळा, केशरी, लाल. जांभळा हवाच असेल तर त्याच्यासाठी पांढरा कागद मोकळा सोडते. काळ्या कार्डावर मात्र डाय शाई दिसणारच नाही, तिथे पांढरी पिगमेंट घ्यावी लागते.

थर सरकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण आज ना उद्या विचाराल. रंगीत छपाईचं हे जुनंच दुखणं. आमच्या गावचे एकेकाळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला चित्रांच्या छापील प्रती काढायचं सुचवलं होतं, आणि १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड. प्रत्येक दगड आधीच्या ठशावर नेमका बसला तर लक्ष्मी, नाहीतर ओठांची लाली हनुवटीवर. तुमच्या स्टेन्सिली म्हणजे तेच दगड आहेत.

यावर माझा उपाय असा. जाड पुठ्ठ्यावर पुठ्ठ्याच्याच दोन पट्ट्या काटकोनात चिकटवायच्या. कार्डाचा कोपरा दर वेळी त्या खाचेत घट्ट सरकवायचा. स्टेन्सिलची डावी कड मास्किंग टेपने पुठ्ठ्याला लावायची, म्हणजे ती दारासारखी उघडते-मिटते. मग सगळ्या कार्डांवर पहिला थर, त्यानंतरच दुसरी स्टेन्सिल. एकेक कार्ड शेवटपर्यंत पूर्ण करत बसलात तर दर वेळी नव्याने जुळवावं लागेल आणि स्टेन्सिल धुण्यातच दुपार जाईल.

घरी कापणार असाल तर ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीचं पारदर्शक प्लॅस्टिक) किंवा जुनी एक्स-रे फिल्म घ्या. सगळे थर बाहेरून एकाच मापाचे कापा, नाहीतर काटकोनी खाचेचा उपयोग नाही. सुरुवातीला पतंग करून बघा. इथल्या मराठी घरांत तिळगूळ आणि उत्तरायण एकाच दिवशी, त्यामुळे जानेवारीत माझ्या कार्डांवर दुसरं काही नसतंच. पहिला थर अख्खा पतंग, पिवळा. दुसरा अर्धा पतंग, केशरी, त्याने लगेच घडी पडल्यासारखी सावली येते. तिसऱ्यात कमान, उभी काडी आणि शेपूट, गडद लाल. एकाच स्टेन्सिलमध्ये हे सगळं कापायला गेलात तर काड्यांच्या बाजूचे तुकडे सुटे होऊन पडतात, त्यांना धरून ठेवायला मध्ये पूल सोडावे लागतात आणि ते छापात रेघा होऊन दिसतात. थरांचा खरा फायदा हा आहे. मांजा मात्र पेनानेच काढा.

कागद गुळगुळीत, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम). खरबरीत हॅण्डमेड कागद दिसतो सुंदर, पण त्यावर कडा स्वच्छ येत नाहीत. ए४ कागद अर्धा कापून दुमडला की ए६ कार्ड होतं, सी६ पाकिटात बरोबर बसतं. ३०० जीएसएममध्ये त्याचं वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साध्या पाकिटासकट पोस्टाच्या २० ग्रॅमच्या टप्प्यात आरामात मावतं. वर टिकल्या-मणी चिकटवायला लागलात तर मात्र आधी काट्यावर ठेवून बघा.