एसी बंद असतानाही गाडीचा रेडिएटर फॅन सारखा का चालतो?

एसी चालू असताना फॅन फिरणारच, तो दोष नव्हे. तुम्ही म्हणता एसी बंद, इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध, तरी दर दोन मिनिटांनी फॅन घोंघावतो. मग आधी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एसी बंद ठेवून नुसती चावी फिरवा. फॅन लगेच सुरू झाला तर उष्णतेचा प्रश्नच नाही. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) टेंपरेचर सेन्सर, त्याची वायर किंवा फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बघा. सेन्सरकडून सिग्नल मिळेना की बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खबरदारी म्हणून फॅन चालूच ठेवतो. फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. फॅन थांबला तर जुना रिले चिकटलाय.

गाडी तापल्यावरच फॅन लागत असेल तर बॉनेट उघडून एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की पाचटाचे तुकडे, धूळ, किडे तिथे गच्च बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र नमदा झालेला असतो. इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात, सर्व्हिसिंगवाल्याला तसं बजावून सांगा.

कूलंटची पातळी इंजिन गार असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पातळी सारखी उतरत असेल तर गळती शोधा. हे सगळं ठीक निघालं तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) अर्धवट अडकलाय का, ते एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून तपासून घ्या.