ट्रान्सफर कॉलबॅकला टाइमआउट जोडायचाय, पण जुने ड्रायव्हर मोडायचे नाहीत

लिनक्स कर्नलमधल्या तुमच्या बसच्या (उपकरणं जोडणाऱ्या वाहिनीच्या) ट्रान्सफर कॉलबॅकला, म्हणजे डेटा पाठवायला ड्रायव्हर जे फंक्शन देतो त्याला, टाइमआउट (वाट बघायची मर्यादा) हवाय, चाळीसेक ड्रायव्हर त्याच्या जुन्या सिग्नेचरवर (आर्ग्युमेंटांच्या यादीवर) आहेत आणि वर आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला कमांड द्यायचा कॉल) वापरणारे प्रोग्रॅमही आहेत, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका.

आधी आतलं. कर्नलच्या आतला इंटरफेस कायम राहील असं लिनक्स कोणालाच कबूल करत नाही, त्यामुळे सिग्नेचर बदलायला तुम्ही मोकळे आहात. अडचण एवढीच की चाळीस ड्रायव्हर एका पॅचमध्ये बदलले तर तो पॅच कोणी धड तपासणार नाही. आयटूसी या बसच्या कोडमध्ये काय केलं ते बघा. तिथल्या प्रोबला (उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनला) दुसरा आर्ग्युमेंट होता, बहुतेकांना नको असलेला. लिनक्स ४.१० मध्ये शेजारी प्रोब_न्यू आला. ड्रायव्हर सवडीने त्यावर गेले, आणि ६.३ मध्ये प्रोबच एका आर्ग्युमेंटचा झाला. तेव्हा दोन्ही नावं एका युनियनमध्ये (एकाच जागेला दोन नावं) ठेवली, म्हणून दोन्ही चालत राहिली. प्रोब_न्यू हे नाव नंतर काढून टाकलं. सहा वर्षं लागली, पण घाई कोणालाच नव्हती.

तुम्हीही ऑप्समध्ये (ड्रायव्हरच्या कॉलबॅकच्या स्ट्रक्चरमध्ये) नवा कॉलबॅक जोडा. फील्डची नावं देऊन भरलेल्या स्ट्रक्चरमध्ये तो आपोआप नल (रिकामा) राहतो. नवा असेल तर नवा, नाहीतर जुना, हा निर्णय फक्त बसच्या कोअरमध्ये, एकाच जागी. ड्रायव्हर जुना आणि मागणाऱ्याने टाइमआउट दिलाय, तर तो गुपचूप गिळू नका, एरर परत करा. शून्य म्हणजे जुनं वागणं. आणि नव्या कॉलबॅकला सुटा इंट (पूर्णांक) देण्यापेक्षा स्ट्रक्चरचा पॉइंटर द्या, नाहीतर दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

आता बाहेरचं, म्हणजे प्रोग्रॅमना दिसणारा इंटरफेस. इथे मात्र सवलत नाही. आयओसीटीएलच्या नंबरात स्ट्रक्चरचा साइज भरलेला असतो. एक फील्ड वाढवलं की नंबर बदलतो आणि जुन्या बायनरीला (आधीच कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला) ‘असा आयओसीटीएलच नाही’ असं उत्तर मिळतं. एसपीआयडेव्हमध्ये (एसपीआय बसशी प्रोग्रॅमला थेट बोलू देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये) मोड ८ बिटांचा होता. ड्युअल-क्वाडचे (दोन किंवा चार तारांवरून डेटा पाठवण्याचे) फ्लॅग त्यात मावेनात, तेव्हा जुनी कमांड तशीच ठेवून ३२ बिटांची वेगळी कमांड दिली. ट्रान्सफरच्या स्ट्रक्चरमध्ये पॅडिंग (न वापरलेली जागा) शिल्लक होतं, तिथे नवी फील्डं मावली.

तुमच्या स्ट्रक्चरमध्येही रिझर्व्हड (पुढे लागेल म्हणून राखलेली) जागा आहे म्हणता. ती पहिल्या दिवसापासून शून्य नसल्यास नाकारली जात होती का, हे आधी कोडमध्ये बघा. आम्ही एकदा हे न बघता तिथे फ्लॅग टाकला. जुने प्रोग्रॅम स्टॅकवरचा कचरा तसाच पाठवत होते, आणि तो फ्लॅग कधी लागायचा, कधी नाही. दोन आठवडे हार्डवेअरला शिव्या दिल्या. तपासणी नसेल तर ती जागा गेली असं समजा आणि नवी कमांड काढा.

चाचणी करताना जुनी बायनरी रीकंपाइल करू नका, जशी आहे तशी चालवा. ६४ बिट कर्नलवर ३२ बिटांचीही चालवून बघा. स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर असेल तर (त्याचा साइज दोन्हींत वेगळा असतो) बहुधा तिथेच फुटेल.