ॲपच्या क्रमवारीत चौथी, सराव परीक्षेत ४६ टक्के: पालकाच्या पत्राला उत्तर

प्रश्न: माझी मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. परीक्षेला चार महिने उरलेत. व्याख्या, संज्ञा, सूत्रं ती अँकी या ॲपमधल्या कार्डांवर पाठ करते. तिच्या अभ्यासगटातल्या चाळीस जणांची एक क्रमवारी आहे. रोज किती कार्डं केली, किती वेळ दिला, किती दिवस खंड पडला नाही आणि किती टक्के आठवलं, यावर त्यात नंबर लागतो. ती सध्या चौथी आहे आणि तिचं आठवण्याचं प्रमाण ९७ टक्के दिसतं. पहिल्या तिघांत आलीस तर नवा टॅब घेऊन देईन, असं मी तिला कबूल केलं आहे. पण मागच्या सराव परीक्षेत तिला ४६ टक्केच पडले. विचारलं तर म्हणाली, "सगळेच गुड दाबतात." ती खोटं बोलते आहे का? गटाच्या ॲडमिनकडे तक्रार करू का? आणि आत्ता असं करणारी मुलगी उद्या डॉक्टर झाल्यावर काय करेल, ही भीती मनातून जात नाही.
एक पालक

उत्तर: अँकीत कार्ड उलटलं की चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड आणि इझी. मनातलं उत्तर बरोबर होतं की चूक, हे ॲपला कळायला मार्ग नाही. त्याला फक्त दाबलेलं बटण दिसतं, आणि त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं एवढंच ते ठरवतं. क्रमवारी आली आणि तिच्यावर टॅब लागला, की त्याच बटणाला दुसरं काम चिकटतं: गटाला आणि घरच्यांना आपली तयारी किती झाली ते दाखवणं. ही दोन्ही कामं एकाच बटणाकडून नीट होत नाहीत. म्हणून टॅबची अट आजच काढून टाका. टॅब द्यायचा असेल तर विनाअट द्या, नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पण क्रमवारीतल्या नंबराशी त्याचा संबंध ठेवू नका. बाकी सगळं यानंतर.

खोट्या गुडने नेमकं काय बिघडतं ते आधी बघा, म्हणजे मुलीशी बोलताना नुसता उपदेश होणार नाही. जुन्या, एसएम-२ नावाच्या सूत्रावर आधारलेल्या पद्धतीत अंतर वाढवण्याचा मूळ गुणक २.५ असतो. वीस दिवसांच्या अंतरावर असलेलं कार्ड आज आलं आणि गुड दाबलं, तर ते साधारण ५० दिवसांनी परत येतं. हार्ड दाबलं तर २४ दिवसांनी. अगेन दाबलं तर दहा मिनिटांनी आणि मग दुसऱ्या दिवशी. आता न आठवलेल्या कार्डावर तिने गुड दाबलं, तर ते ५० दिवस नजरेआड जाईल. परत येईल तेव्हा अर्थातच आठवणार नाही, आणि तेव्हाही गुड दाबलं तर पुढची पाळी सुमारे १२५ दिवसांनी, म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर. थोडक्यात, जे येत नाही तेच कार्ड चार महिन्यांत सगळ्यात कमी वेळा समोर येतं.

२०२३ साली आलेल्या २३.१० या आवृत्तीपासून अँकीत एफएसआरएस नावाची नवी पद्धत आहे. मुलगी ती वापरत असेल तर नुकसान जास्त आहे. ही पद्धत आजवर दाबलेल्या बटणांचा सगळा इतिहास वाचून त्या व्यक्तीच्या स्मरणाचं गणित बांधते. इतिहासात खोटे गुड मिसळले, की गणिताच्या लेखी तिची स्मरणशक्ती आहे त्यापेक्षा दांडगी ठरते, आणि ऑप्टिमाइझ केल्यावर, म्हणजे या इतिहासावरून गणित नव्याने जुळवून घेतल्यावर, प्रामाणिकपणे केलेल्या कार्डांचीही अंतरं ताणली जातात. यातली एक चूक अगदी सज्जन मुलांकडूनही होते: आठवलं नाही, पण अगेन दाबायला जिवावर येतं, म्हणून हार्ड दाबायचं. हार्ड हा पास झाल्याचाच शेरा आहे. "आठवलं, पण कष्टाने" एवढाच त्याचा अर्थ.

आता ती खोटं बोलते आहे का? कदाचित नाही. उत्तर वाचल्यावर "हे तर मला येतच होतं" असं मनापासून वाटणं ही माणसाच्या मेंदूची सवय आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून ती दाखवून दिली: निकाल कळल्यावर तो आपल्याला आधीच ठाऊक होता असं लोकांना वाटू लागतं. रोज दोनशे-तीनशे कार्डं भराभर उलटणाऱ्या मुलीला ही सवय दिवसातून कित्येकदा गाठते. त्यातले किती गुड जाणूनबुजून दाबलेले आणि किती अशा भासातून, हे तिलाही सांगता येणार नाही. ते खोदून काढायच्या भानगडीत पडू नका.

शिवाय ९७ आणि ४६ यांतली दरी फक्त बटणांमुळेच पडली असेल असं नाही. कार्डात नसलेला भाग परीक्षेत आला असेल. व्याख्या येते पण ती प्रश्नात वापरता येत नाही, असंही असू शकेल. किंवा कार्डाचा चेहरामोहराच पाठ झाला असेल: अमुक शब्दांनी सुरू होणाऱ्या कार्डाचं उत्तर तमुक, इतकंच. तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं की मुलगी अडखळते. यातलं कुठलं कारण खरं, हे घरच्या घरी एका संध्याकाळी तपासता येतं.

ॲपच्या आकडेवारीत ट्रू रिटेन्शनचा, म्हणजे पाळी आलेल्या कार्डांपैकी किती टक्के आठवल्याची नोंद झाली त्याचा, तक्ता उघडा. त्यातला 'मॅच्युअर' कार्डांचा, म्हणजे २१ दिवस किंवा त्याहून जास्त अंतराच्या कार्डांचा आकडा बघा. एफएसआरएसचं मूळ लक्ष्य ९० टक्के असतं: कार्डाची पाळी येईल त्या दिवशी दहापैकी नऊ आठवावीत, अशा बेताने अंतरं आखलेली असतात. लक्ष्य बदललेलं नसेल, ऑप्टिमाइझ वेळोवेळी केलेलं असेल आणि तरीही आकडा महिनोन्‌महिने ९७ वर राहत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. बटणं खरी असती तर अंतरं ताणत ताणत तो आकडा हळूहळू नव्वदीच्या आसपास उतरला असता. मात्र जुन्या पद्धतीत कार्डं सोपी असतील तर ९७ प्रामाणिकपणेही येऊ शकतात.

मग या मॅच्युअर कार्डांतून, आज पाळी नसलेली तीस कार्डं कुठूनही उचला. प्रश्न तुम्ही वाचा, तिने उत्तर कागदावर लिहायचं, प्रत्येकाला वीस सेकंद. सगळं झाल्यावरच उत्तरं पडताळायची. पाळी न आलेली कार्डं पाळीच्या दिवसापेक्षा जास्तच आठवायला हवीत, त्यामुळे तीसपैकी २७-२८ ही रास्त अपेक्षा आहे. तीस हा नमुना लहान आहे, एवढ्यात दोन-तीन इकडेतिकडे होणारच, म्हणून आकडा २४ पर्यंत उतरला तरी काही बोलू नका. वीस किंवा त्याहून कमी आली, तर ॲपमधला आकडा खोटा आहे असं समजा. आणि २७ आली, तर बटणं खरी आहेत, दोष दुसरीकडे आहे. तेव्हा तीच तीस उत्तरं शब्द बदलून, उलट बाजूने विचारून बघा. तिथे गाडी अडली तर कार्डं नव्याने लिहायला हवीत. तिथेही अडली नाही, तर कार्डं बाजूला ठेवून प्रश्नसंच सोडवण्याचा वेळ वाढवायला हवा.

ही तपासणी करण्यापूर्वी तिला एवढंच सांगा: "टॅबची अट मीच घातली होती, ती मी काढली आहे. आज जे निघेल त्यावरून रागावणार नाही, फक्त पुढचे चार महिने कुठून सुरू करायचे ते ठरवू." आणि तो शब्द पाळा. पहिल्याच संध्याकाळी आवाज चढला, तर दुसरी तपासणी खरी होणार नाही.

"सगळेच गुड दाबतात" हे तिचं म्हणणं उडवून लावू नका. क्रमवारीतला प्रत्येक रकाना फुगवता येतो. एकच कार्ड पाच वेळा चुकलं तर पाच उजळण्या मोजल्या जातात, म्हणजे कार्डांच्या संख्येत चुकणाराच पुढे जातो. एका लांब कार्डाची सहा चिमुकली कार्डं केली तरी संख्या वाढते. वेळेच्या रकान्यासाठी ॲप उघडं ठेवून उठून जाता येतं. अँकी मूळ सेटिंगमध्ये एका कार्डाला जास्तीत जास्त ६० सेकंदच मोजते, पण तीही मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते. सलग दिवसांसाठी रोज एक कार्ड पुरतं. टक्केवारीसाठी गुड आहेच. आणि हे सगळं ज्या फाइलमध्ये साठतं ती ज्याच्या त्याच्या संगणकावर असते. तिथून गेलेला आकडा खरा की खोटा, हे गटाच्या ॲडमिनला तपासता येत नाही.

कुणीही फसवत नसलं तरी ही क्रमवारी न्याय्य होत नाही, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. सहा महिन्यांपूर्वी सुरुवात करून सगळं नीट पक्कं केलेल्या मुलीकडे आता रोज ऐंशी कार्डं येत असतील. पंधरा दिवस बुडवलेल्याकडे पाचशे साचलेली असतील. क्रमवारीत दुसरा वर दिसतो. एकजण एका शब्दाचं कार्ड करतो, दुसरा अख्ख्या अभिक्रियेचं, आणि दोघांचंही मोजमाप एकच. त्याच कारणाने मोठा आकडा दिसला म्हणून कुणाला लबाड ठरवू नये. दोन तासांत अडीच हजार कार्डं म्हणजे प्रत्येकी तीन सेकंदांपेक्षाही कमी. लांब व्याख्यांसाठी हे अशक्य आहे, ओळखीच्या एकेका शब्दासाठी शक्य आहे. कार्डं न बघता बोट दाखवणं अन्यायाचं होईल. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारख्या ॲपमध्ये उत्तर ॲपच तपासतं, तरी तिथल्या लीगसाठी, म्हणजे आठवड्याच्या गुणांच्या चुरशीसाठी, सोपे धडे पुन्हा पुन्हा करून गुण जमवता येतातच. म्हणजे बटण मुलांच्या हातून काढून घेतलं तरी मोजमापाचा प्रश्न उरतो.

म्हणून नावं घेऊन तक्रार करू नका. सिद्ध काहीच होणार नाही आणि चार महिने एकत्र अभ्यास करायची मुलं एकमेकांवर संशय घेऊ लागतील. याला अपवाद एकच: क्रमवारीवर शिष्यवृत्ती, शुल्कात सवलत किंवा वरच्या तुकडीतली जागा ठरत असेल, तर जरूर लेखी हरकत घ्या आणि ते देखरेखीखालच्या लेखी चाचणीवर ठरवा अशी मागणी करा. तसं नसेल तर मुलीलाच गटात नियमबदल सुचवू द्या. टक्केवारी आणि वेळ हे दोन रकाने काढून टाकावेत. त्यांच्या जागी रोज एकच खूण असावी: आजची पाळीची कार्डं संपली की नाही. त्यात जास्तीचं काही मिळत नसल्याने फुगवायला कारण उरत नाही. सगळ्यांचा दिवस एकाच वेळी बदलावा. अँकीत तो मूळ सेटिंगप्रमाणे पहाटे चारला बदलतो. आणि दर पंधरवड्याला जोड्या पाडून एकमेकांच्या संचातली वीस कार्डं तोंडी विचारावीत. ज्याला चुरस हवी आहे त्याने त्या विसांची करावी. गटाने नाही मानलं, तर परीक्षेपर्यंत मुलीने क्रमवारीतून नाव काढून घ्यावं. कार्डं तशीच राहतात, नुकसान काहीच होत नाही.

बिघडलेला संच दुरुस्त करताना मुलं बहुतेकदा सगळी कार्डं पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. तसं करू नका, खरोखर पक्की झालेली कार्डंही त्यात वाहून जातात. कार्डांच्या यादीत अंतराप्रमाणे क्रम लावा आणि २१ दिवसांपुढची, शंका असलेली कार्डं निवडा. 'सेट ड्यू डेट'मध्ये ० ते १४ अशी मर्यादा दिली की ती पुढच्या दोन आठवड्यांवर पसरतात. सहाशे कार्डं असतील तर रोज चाळीसएक वाढतील. तेवढ्या काळात नवी कार्डं पूर्ण बंद. प्रत्येक कार्डाला उलटण्याआधी उत्तर मोठ्याने बोलायचं किंवा कागदावर लिहायचं. दहा सेकंदांत सुरुवातच झाली नाही तर अगेन. सोयीसाठी अगेन आणि गुड ही दोनच बटणं वापरली तरी चालतं. या दोन आठवड्यांत टक्केवारी धाडकन खाली येईल, ७० पर्यंतही येईल. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी धीर सुटेल. एफएसआरएस असेल तर दोन आठवडे संपल्यावरच ऑप्टिमाइझ करायचं. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच', म्हणजे फुकट वेळ खाणारं कार्ड, अशी खूण लावते. अशी कार्डं पुन्हा घोकायची नाहीत, ती तोडून सोपी करायची किंवा धड्यात जाऊन समजून घ्यायची.

राहिली डॉक्टर होण्याची भीती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने बक्षीस लागलेल्या खेळात बटण चुकीचं दाबलं, यावरून तिचा स्वभाव ठरत नाही. पण तुमची काळजी निराधार आहे असंही मी म्हणणार नाही, कारण आपलं ज्ञान किती पक्कं आहे याचा खरा अंदाज सांगणं हे वैद्यकीय कामाचं अंगच आहे. औषधाची मात्रा नक्की आठवत नसेल तर ते कबूल करून पुन्हा बघणं तिथे रोज करावं लागतं. प्रयोगशाळेची नोंदवही, वैमानिकाचं लॉगबुक, लेखापरीक्षकाचे शेरे, सगळीकडे स्वतःच्या कामाची नोंद स्वतःच करायची असते आणि बघणारं शेजारी कुणी नसतं. हे कौशल्य सरावाने येतं. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली हवामानाच्या अंदाजांसाठी एक मोजपद्धत मांडली. तिच्यात अंदाज किती खात्रीने सांगितला, हेही मोजलं जातं. पूर्ण खात्रीने सांगून चुकलेल्याला त्यात सगळ्यात मोठा फटका बसतो.

त्या मोजपद्धतीची घरगुती आवृत्ती अशी: रोज वीस कार्डांना, उलटण्याआधी, किती खात्री आहे ते लिहायचं: ५०, ७० किंवा ९० टक्के. आठवड्याला १४० नोंदी होतात. ९० लिहिलेल्यांपैकी खरोखर किती बरोबर निघाली ते मोजायचं. दहापैकी सहाच बरोबर असतील तर मुलगी स्वतःला चढे गुण देते आहे. ५० टक्के लिहिलेल्या दर दहांपैकी आठ-नऊ बरोबर येत असतील तर उगीच घाबरते आहे, आणि तेही परीक्षेत महागात पडतं. हा तक्ता क्रमवारीत जात नाही, कुणाला दाखवायचा नाही. तुम्हीही तो मागू नका.

सहा आठवड्यांनी तीस कार्डांची तपासणी पुन्हा करा, आणि त्याच आठवड्यात एक सराव परीक्षा ठेवा. तपासणीत २५ च्या वर आली आणि सराव परीक्षाही वर सरकली, तर आहे तसं चालू ठेवा. कार्डं येत असूनही परीक्षेतले गुण हलले नाहीत, तर तिची उत्तरपत्रिका घेऊन विषयशिक्षकांकडे जा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच खूण करून घ्या: माहिती नव्हती, माहिती होती पण वापरता आली नाही, की वेळ पुरला नाही. उरलेल्या दिवसांचं वेळापत्रक त्या तीन खुणांच्या संख्येवरून आखा.